वाचलेला एक तरी माणूस दाखवा

या अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं बहुधा नोकरी संपवून बसलेली असतात. सांगावं असं त्यांच्यापाशी खूप असतं. मी अजून बी.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापायच्या कागदावर आपण काही लिहावं हा आगाऊपणा होतोय असं लिहिताना सारखं वाटतं. शिवाय मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नव्हतो. इंटर झाल्यावर शिक्षण थांबलं, त्या काळात जालन्याच्या एका दवाखान्यात मी दुभाष्याचं काम केलं, एवढीच माझी पात्रता. दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. संपादक मंडळींचा निरोप पुन्हा आला म्हणून धीर केला आहे. एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाती हा अंक पडलाच, तर माझ्या अर्धवट शब्दांकडे त्यांनी काणाडोळा करावा.

दवाखान्यात दुभाष्या कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. आमचे साहेब हैदराबादचे. उर्दू आणि इंग्रजी फर्डं, मराठी मात्र 'बसा' आणि 'दुखतं का' यापुढे नाही. रोगी भोकरदनचे, अंबडचे, खेड्यापाड्यांतले. 'ठणका लागतो' आणि 'कळ निघती' यांत जो फरक आहे, तो साहेबांपर्यंत पोचवायचं काम माझं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. ठणका असेल तर आत पू झालेला असण्याचा संभव. नुसता जडपणा असेल आणि दुखत नसेल, तर साहेबांचा चेहरा गंभीर व्हायचा. 'दुखत नाही' हे ऐकून रोग्याला बरं वाटतं आणि डॉक्टरला वाईट, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांनी मला एक नियम घालून दिला होता: प्रश्नात उत्तर ठेवायचं नाही. 'खोकला येतो का' असं विचारलं की आपल्याकडचा माणूस 'व्हय, येतो की' म्हणतो. ते खोटं बोलणं नसतं. विचारणारा शिकलेला आहे, त्याला काय हवंय ते द्यावं, अशी ती रीत असते. म्हणून विचारायचं, 'आणखी काय होतं?' आणि गप्प बसायचं.

दुसरी गोष्ट मला कुणी शिकवली नाही, ती आपोआप कळली. त्या दवाखान्यात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. लोकांचा दवाखान्यावर नव्हता. आत नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगाची मोमियाई काढतात, म्हणजे माणसाच्या चरबीचं औषध करतात, ही गोष्ट अख्ख्या मुलखात पसरलेली होती. साहेबांचा रोग्यांवर नव्हता, कारण कुणी दुखणं कधीपासून ते खरं सांगत नसे. आणि गाठींवर तर साहेबांचा कुणापेक्षाही कमी विश्वास होता.

गाठी मी तिथं बऱ्याच पाहिल्या. हाडाच्या नव्हेत, स्तनाच्याही नव्हेत. मांस, चरबी, स्नायू यांत होणाऱ्या. त्यांतल्या पुष्कळशा निरुपद्रवी असतात, पण काही कर्करोगाच्या निघतात. साहेब त्यांना सार्कोमा म्हणत. एक सराफ आले होते. त्यांच्या दंडावरची गाठ दुसरीकडे कुणीतरी काढून दिली होती आणि ती त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत घालून सोबत आणली होती. सुपारीसारखी गुळगुळीत. "पाहा, सालीसकट निघाली," असं ते अभिमानानं सांगत होते. त्याच जागी आता तिच्या दुप्पट गाठ उभी होती.

ते गेल्यावर साहेब मला म्हणाले, "मियाँ, जो गाँठ आसानी से निकल आए, उस पर ज़्यादा शक करो."

त्याचं कारण त्यांनी नंतर समजावून दिलं. या गाठीला साल असल्यासारखं दिसतं, पण ती साल खरी नसते. गाठ वाढताना आजूबाजूचं मांस दाबलं जाऊन ती झालेली असते, आणि तिच्या बाहेरही रोगाचे कण गेलेले असतात. म्हणून भोवतालचं चांगलं मांस बरंच घेऊन गाठ काढावी लागते. रोगी जगेल की नाही हे मग काही गोष्टींवर ठरतं. गाठ केवढी आहे, किती खोल आहे, किती वेगानं वाढली, आधी कुणी तिला टोचलंय का, आणि फुप्फुसात पोचली का. हे सगळं रोग्याच्या तोंडूनच कळायचं. आणि रोगी खरं सांगत नसे.

मारोती आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. भोकरदनकडचा, पंचविशीतला, घरचं रान कसणारा. बरोबर आई भागाबाई आणि धाकटा भाऊ बन्सी. बैलगाडीनं आले होते. डाव्या मांडीच्या आतल्या अंगाला, गुडघ्याच्या जरा वर, गाठ इतकी मोठी की धोतर त्यावर ताणलेलं. तिला हळद आणि कसल्यातरी पाल्याचा जाड लेप.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"पंदरा रोज झाले," भागाबाई म्हणाली. "बैलानं शिंग मारलं."

"कोणत्या बैलानं?"

"आता बैलाचं नाव बी लिवून घेता का, मास्तर?"

तिथं मला सगळे मास्तर म्हणायचे. लिहितावाचता येतं तो मास्तर. साहेबांना मी पंधरा दिवस सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी लेप धुवायला लावला. खाली दोन गोष्टी निघाल्या. एक, मांडीभोवती काळसर वळ, बांगडी घालून काढावी तसा. दुसरी, गाठीच्या माथ्यावर नखाएवढा जुना व्रण.

"हा वळ कशाचा, आई?"

बन्सी म्हणाला, "सांग की. हे काय पोलीस हायेत का?"

"पोलीस बरे," ती म्हणाली, पण कमरेची चंची सोडली. चंचीतून काळ्या दोऱ्यांचा गुंता निघाला. गावातला जाणता दर अमावस्येला गाठीवर गंडा बांधायचा. पुढच्या अमावस्येपर्यंत तो रुतायला लागला की तोडून नवा बांधायचा. उतरलेला गंडा कुठंही टाकून चालत नाही, वाहत्या पाण्यात सोडावा लागतो. दिवाळीनंतर त्यांच्या नदीला वाहतं पाणी राहिलं नव्हतं. म्हणून उतरलेले सगळे गंडे पाण्याची वाट पाहत तिच्या चंचीत पडून होते.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी दोरे मागितले. भागाबाई म्हणाली, "बाटलेल्या हाताला देणार न्हाई." मग मीच ते टेबलावर सरळ करून एकाखाली एक मांडले. पहिले दोन जवळजवळ सारखे, तिसरा जरा लांब. शेवटचे दोन वीत वीतभर वाढलेले. साहेबांनी ते बराच वेळ पाहिले. गाठ कधीपासूनची, हे त्या दोऱ्यांनी सांगितलं, आणि ती आता धावते आहे हेही.

"आणि हा व्रण?"

"त्ये लहानपणीचं हाय."

"नवीन दिसतो."

"मंग मोठेपणीचं असंल."

इथं मारोती पहिल्यांदा बोलला. "वैदूनं चीर दिल्ती, मास्तर. पू हाय म्हणला. पू न्हाई निघाला, नुस्तं रगत निघालं. आई, आता कशाला झाकती?"

ती चीर नसती तर भोवतालचं मांस घेऊन गाठ काढायचा प्रयत्न साहेबांनी केला असता. चीर दिल्यानं रोग कुठंवर सांडला ते कळायला मार्ग नव्हता. गाठीचा कण काढून त्यांनी हैदराबादला तपासायला पाठवला. उत्तर आलं ते त्यांच्या मनात होतं तेच. पाय मांडीत वरून कापावा लागणार होता. छाती त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकली. तिथं काही नव्हतं. "अभी वक़्त है," ते म्हणाले, "मगर थोड़ा."

हे मराठीत सांगायचं काम माझं. मी सांगितलं, आणि भागाबाईनं लेकाच्या पायावर पदर टाकला, उन्हात ठेवलेल्या भाकरीवर टाकतात तसा.

"पाय कापून त्याचं काय करता तुमी?"

"काही नाही. पुरून टाकतात."

"कोण टाकतंय? कुठं? तुमी पाह्यलंय?"

मी पाहिलं नव्हतं. तसं सांगितलं. तिला ते बरोबर वाटलं असावं, कारण त्यानंतर ती माझ्याशी जरा नीट बोलायला लागली. तिची अट एकच होती. पाय तिच्या हवाली करायचा. तो ती आपल्या रानात पुरणार. पुढं कधी मारोतीचं बरंवाईट झालं तर त्याला आपला पाय शोधत फिरायला नको, रान त्याच्या ओळखीचं आहे.

साहेबांना वेगळाच संशय आला. या बाईला पाय चेटकाला तर नको? मी कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यह तो अक़्ल की बात है," आणि कबूल झाले. गाठ मात्र तपासणीसाठी ठेवून घेणार होते. त्यावर सकाळभर घासाघीस झाली. शेवटी म्हातारी म्हणाली, "गाठ ठिवा. गाठ आमची नव्हतीच."

पाय कापला त्या दिवशी ती ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून हलली नाही. पाय पांढऱ्या फडक्यात बांधून मी बाहेर आणला. तिनं तिथंच फडकं सोडलं. अंगठ्याचं नख पाहिलं. बैलाच्या खुराखाली येऊन ते लहानपणी काळं पडलेलं होतं.

"त्याचाच हाय," ती बन्सीला म्हणाली. "बांध."

बन्सी तो पाय गाडीत घालून त्याच दिवशी गावाला गेला. मारोती दवाखान्यात बरा होत राहिला. कुबडी कशी घ्यायची ते मी त्याला आवारात फिरवून शिकवलं. गमत्या माणूस होता. म्हणायचा, "मास्तर, माझा एक पाय जमिनीत गेलाय, आता सातबाऱ्यावर माझं नाव पक्कं." घरी जाताना साहेबांनी बजावलं, "पहिली दोन-तीन वर्षं धोक्याची. दर तिमाहीला छाती दाखवायला यायचं." मी ते मराठीत सांगितलं. मारोती म्हणाला, "बिलकुल येतो." भागाबाई तोवर गाडीत जाऊन बसली होती.

तो आला नाही. पहिल्या तिमाहीला नाही, दुसऱ्या नाही. मला वाटायचं, बरा झाला म्हणून येत नसेल. साहेब म्हणायचे, जो येत नाही त्याला मी बरा धरत नाही. त्यांनी पाय आणि हात कापलेले जे मोजके लोक होते, त्यांतले काही खोकून गेल्याच्या बातम्या आम्हाला बाजारात मिळाल्या होत्या, बाकीच्यांचं काहीच कळत नव्हतं.

अशात अंबडकडून सुभद्राबाई आली. तिशीची, दोन लेकरांची आई. पिंढरीत गाठ, मारोतीच्या गाठीपेक्षा लहान, कुणी टोचलेली नाही, छाती स्वच्छ. साहेब मला इंग्रजीत म्हणाले की या बाईला त्या पोरापेक्षाही चांगली संधी आहे. पाय गुडघ्याच्या जरा वर कापूनही भागलं असतं.

तिच्या नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भांडला नाही. हात जोडून एवढंच म्हणाला, "मास्तर, असा पाय कापून वाचलेला एक तरी माणूस दाखवा. मंग कापा. म्या सोता धरतो तिला."

ही मागणी चुकीची नव्हती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, जा, मारोतीला घेऊन ये.

मी भोकरदनला गेलो आणि तिथून पायी त्यांच्या गावी. दिवस वाईट होते. लेव्हीचं धान्य वसूल करायला माणसं यायची, रझाकारांची भीती गावोगाव होती, परक्या माणसाला कुणी आपल्या शेजाऱ्याचंही नाव सांगत नव्हतं. माझ्या अंगावर साहेबांनी दिलेला जुना खाकी कोट होता. थंडीचे दिवस होते म्हणून घातलेला. पारावरच्या एकाला मी मारोतीचं घर विचारलं.

"कोण मारोती?"

"एका पायाचा."

तो माझ्या कोटाकडे पाहत राहिला. "कशाला पायजे?"

"दवाखान्यात न्यायचाय. साहेबांना एकाला दाखवायचाय."

आज मला वाटतं, यापेक्षा वाईट शब्द मला शोधूनही सापडले नसते. त्यानं घर दाखवलं आणि माझ्यापुढं झपाझप निघून गेला. मी पोचलो तेव्हा भागाबाई दारात बसलेली. तिनं मला ओळखलं. पाणी दिलं. मी मारोती कुठे म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "मारोती गेला, मास्तर. मेला माझा मारोती."

विचारायचं म्हणून मी विचारलं, "खोकला होता का?"

"व्हय. खोकलाच होता."

"रक्त पडायचं?"

"पडायचं की."

बन्सी मला रानात घेऊन गेला. बांधाला मातीचा उंचवटा होता, त्यावर दगड रचलेले. मी म्हटलं, "तुमच्यात जाळतात ना? पुरला कसा?"

"रोगाचं माणूस पुरतेत," बन्सी खाली पाहत म्हणाला.

मला ते पटलं. आमच्याही गावात महारोगानं गेलेल्यांना पुरतात. परत येताना घराच्या भिंतीला मारोतीची कुबडी टेकवलेली दिसली. बगलेखाली येतं तिथं गुंडाळलेली चिंधी नवी होती, लाल खणाची. मी म्हटलं, "ही अजून ठेवलीत?" भागाबाई म्हणाली, "मंग काय चुलीत घालू?" माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवता आले नाहीत. म्हातारीनं ते पाहिलं आणि मान वळवली. त्याचाही मी माझ्या मनाप्रमाणे अर्थ लावला.

जालन्याला येऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "खाँसी?" मी म्हटलं, हो. "ख़ून?" हो. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ज्याच्यावर त्यांची सगळ्यांत जास्त आशा होती तो मारोतीच होता. सुभद्राबाईच्या नवऱ्याशी खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मी त्याला सांगितलं, दाखवायला माणूस नाही. तो वाट पाहतच बसला होता. म्हणाला, "मंग घरीच बरी." साहेबांनी त्या वेळी पहिल्यांदा रोग्याला अडवलं नाही. इतर वेळी ते तासभर वाद घालायचे. त्या दिवशी ते खिडकीशी उभे राहून बैलगाडी जाताना पाहत होते.

पुढं त्या जातीची गाठ आली की ते हैदराबादला जा म्हणायचे. विजेचे किरण देऊन तिथं काही होतंय का पाहा, असं सांगायचे. एवढ्या लांब कोण जाणार? सुभद्राबाई पावसाळ्यात वारल्याचं मला तिच्या गावच्या एका माणसाकडून नवीन जालन्याच्या मोंढ्यात कळलं.

मग पोलीस ॲक्शन झाली. त्या उलथापालथीत साहेब हैदराबादला निघून गेले. तिथून पुढं कुठं गेले, हे विचारायला कुणी उरलं नाही. मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं.

गेल्या सुट्टीत जालन्याला उतरलो होतो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. एका गाडीवरून कुणीतरी उडी मारून माझ्याकडे आलं. बन्सी होता.

"मास्तर, वळखलं का? कोट कुठं गेला तुमचा?"

मी त्याला घरची खुशाली विचारली. तो म्हणाला, "आई गेली. दिवाळीच्या आधी. झोपेतच गेली." मग बैलाच्या शिंगाला हात लावून म्हणाला, "तुमाला एक सांगायचं राह्यलंय. तुमी आल्ते तवा मारोती घरातच होता. कणगीमागं. आईनं तोंडावर हात ठिवल्ता त्याच्या."

त्याला वाटलं मी रागावलोय.

"दाखवायला नेतो म्हणले ना तुमी. आईला वाटलं दुसरा बी पाय पायजे तुमाला. आन् एक होतं मास्तर. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी पसरली की त्याचं आयुष्य वाढतंय, आसं आई म्हणायची. गावात सगळ्यांला सांगून ठिवल्तं, कुणी परका आला की मेला म्हणा. तुमी तर रडले बी. आई म्हणली, आता तर ह्यो शंभर वर्ष जगतो."

"आणि खोकला?"

"कसला खोकला? तुमीच इचारलं, तिनं व्हय म्हणलं."

"तो उंचवटा?"

"पाय हाय की तिथं. तुमीच तर बांधून दिल्ता."

मी विचारलं, मारोती कसा आहे. बन्सी हसला. "हरभऱ्याची राखण करून राह्यलाय. लगीन झालं त्याचं. कुबडी घेऊन बांधावरून आसा पळतो की लेकरं मागं पडतेत." गाडीवाला त्याला हाका मारायला लागला. चाकावर पाय ठेवून वर चढता चढता तो वळला.

"त्यानंच सांगितलंय, मास्तर भेटले तर सांग म्हणून. आता आई न्हाई. आता त्यो भीत न्हाई. तुमाला कुणाला दाखवायचं हुतं ना, ते कुठं हायेत? त्यांना बोलवा म्हणतो. म्या येतो."